वाचकांचे प्रश्न : ब्लॅकबर्नच्या विणकरांचा दरतक्ता

गेल्या अंकात इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील ब्लॅकबर्न या शहरावर एक टिपण प्रसिद्ध झाले होते. १८०१ साली जेमतेम १२ हजार वस्तीचे हे गाव १९११ पर्यंत सुमारे १ लाख ३३ हजारांचे शहर झाले आणि त्याचे बहुसंख्य माग हिंदुस्थानात खपणारी साधी कापडे व धोतरजोड्या विणत होते, एवढाच त्या टिपणाचा गाभा होता. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

इचलकरंजीहून एक यंत्रमाग कामगार लिहितात : आमच्याकडे मजुरी पिकावर, म्हणजे कापडाच्या एका इंचात किती आडवे धागे बसतात यावर ठरते. ५२ पिकाच्या कापडाला मीटरमागे किती पैसे, यावरून दर काही वर्षांनी आंदोलन होते. ब्लॅकबर्नच्या विणकरांकडे छापील दरतक्ता होता असे आपण लिहिले आहे. तो त्यांना कसा मिळाला आणि त्यावरून पगार कसा काढत असत?

ब्लॅकबर्नच्या कामगारांच्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट नेमकी हीच आहे, म्हणून तिचे उत्तर थोडे विस्ताराने देतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथे प्रत्येक गिरणीचा दर वेगळा असे. मंदी आली की एखादा मालक दर उतरवी, त्याचे कापड स्वस्त पडे आणि मग शेजारच्या मालकांनाही तेच करावे लागे. या ओढाताणीत विणकर तर भरडला जाईच, पण दर पाळू इच्छिणारा मालकही अडचणीत येई. त्यामुळे सर्वांना एकच दर असावा असे काही मालकांनाही वाटू लागले होते. १८५३ साली लँकेशायरभर १० टक्के मजुरीवाढीची चळवळ उभी राहिली. शेजारच्या प्रेस्टन शहरात मालकांनी टाळे ठोकले आणि सुमारे सात महिने झुंजून कामगार हरले. ब्लॅकबर्नमध्ये मात्र त्याच वर्षी दोन्ही बाजू एकत्र बसल्या आणि विणकाम, सूतकाताई व इतर कामांचे दर लिहून काढून त्यांनी ते मान्य केले. ‘ब्लॅकबर्न लिस्ट’ या नावाने तो तक्ता ओळखला जातो. प्रेस्टनच्या टाळेबंदीत ब्लॅकबर्नचे कामगार आठवड्याच्या आठवड्याला वर्गणी पाठवत राहिले, हेही येथे नोंदवायला हवे. तक्ता टिकवायचा तर त्यावर पहारा ठेवणारी कायमची संघटना हवी, हे त्यांनी ओळखले आणि १८५४ साली विणकरांची संघटना उभी केली.

हिशेबाची रीत आपल्याला ओळखीची वाटेल. पुढे १८९२ साली सर्व लँकेशायरसाठी जो एकच तक्ता झाला, त्याचे उदाहरण घेऊ. त्यात आधी एक प्रमाण-कापड ठरवले होते : ४५ इंच फणीचा माग (फणी म्हणजे उभे धागे सारख्या अंतरावर धरणारी कंगव्यासारखी पट्टी), ६० नंबरची फणी, पाव इंचात १५ पीक, १०० यार्ड लांबी आणि ठरावीक नंबरचे सूत. या कापडाला पिकामागे २ पेन्स, म्हणजे १५ पिकाला ३० पेन्स. प्रत्यक्ष मागावरचे कापड या प्रमाणाहून जसजसे वेगळे असेल, तसतशी ठरावीक टक्केवारी वाढत किंवा कमी होत जाई. माग रुंद असेल तर वाढ, फणी बारीक असेल तर वाढ आणि आडवा धागा जाड असेल तरीही वाढ. कारण जाड धाग्याची कांडी (आडवा धागा गुंडाळलेली नळी) लवकर संपते आणि ती कांडी घेऊन उभ्या धाग्यांतून फिरणारा धोटा विणकराला वारंवार बदलावा लागतो. कापडातला कोणता फरक विणकराच्या हातांवर किती ताण आणतो, याचा इतका बारकाईने विचार करून तो पैशांत मांडणारा दुसरा कामगार-करार त्या काळात क्वचितच सापडेल.

हे गणित सर्वांना जमणारे नव्हते. म्हणून विणकर-संघटनेचा चिटणीस निवडताना उमेदवारांची लेखी परीक्षा घेतली जाई आणि तीत अंकगणितावर व कापडाचे दर काढण्यावर भर असे. पगार कमी आला अशी शंका आली की विणकर बाई कापडाचा तुकडा घेऊन संघटनेच्या कचेरीत येई. चिटणीस भिंग लावून पीक मोजी, फणी तपासी, दर काढी आणि फरक निघाला तर गिरणीत जाऊन व्यवस्थापकाशी त्या एका कापडावर वाद घाली. अशा शेकडो लहान भांडणांतून तक्ता जिवंत राहिला. तरी एक पळवाट उरलीच होती. आपण किती पिकाचे, किती लांबीचे कापड विणत आहोत हेच मालकाने सांगितले नाही, तर हिशेब करायचा कशावरून? अनेक वर्षांच्या मागणीनंतर १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात २४ वे कलम आले आणि विणकराच्या हाती कामाचा तपशील लेखी देणे मालकावर बंधनकारक झाले. या कलमाची अंमलबजावणी पाहण्यासाठी सरकारने १८९२ साली टॉमस बर्टविसल यांना निरीक्षक नेमले. ते शेजारच्या ॲक्रिंग्टनच्या विणकरांचे चिटणीस होते आणि तक्त्याच्या गणितात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. विणकरांचा माणूस सरकारी अधिकारी म्हणून गिरणीत शिरून मापे घेऊ लागला, ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती.

मंदीच्या काळात काही मालक चोरून कमी दर देऊ लागले, तेव्हा १९३४ च्या खास कायद्याने या तक्त्याला कायद्याचे बळ देण्याची सोयही झाली. आपल्याकडे पिकाची मजुरी ठरते तेव्हा पीक, पन्ना (कापडाची रुंदी), सूत आणि रुंद मागाची वाढ यांचा तक्ता कामगाराच्या हाती लेखी असतो का, हा प्रश्न मी आपल्याला उलट विचारू इच्छितो. कारण एका पिकाच्या दरावर झालेली तडजोड बाकीच्या तपशिलात सहज पुसली जाते.

नाशिकचे एक वाचक विचारतात : इतका नीटस करार असताना १८७८ साली याच शहराजवळ मालकाचे घर जाळण्यापर्यंत पाळी कशी आली?

तक्ता कापडा-कापडांतील प्रमाण ठरवीत असे. सगळ्या तक्त्यावरच सरसकट टक्केवारी चढवणे किंवा उतरवणे मालकांच्या हाती होते आणि मंदीत ते उतरवीत. १८७८ च्या वसंतात हिंदुस्थानच्या बाजारात माल तुंबला आणि मालकांनी १० टक्के कपात जाहीर केली. विणकरांचे उत्तर विचार करण्यासारखे होते. माल जास्त झाला आहे, तर गिरण्या कमी दिवस चालवा, साठा संपू द्या. तेवढ्या काळापुरती कपात आम्ही सोसू, असे ते म्हणाले. मजुरी उतरवून पूर्ण वेळ माग चालवले तर आणखी माल तुंबेल, हा त्यांचा मुद्दा अर्थशास्त्राच्या दृष्टीने मालकांच्या मुद्द्याइतकाच सबळ होता, असे माझे मत आहे. मालकांनी तो मानला नाही. १४ मे रोजी मालकसंघाचे अध्यक्ष कर्नल रेन्सफर्ड जॅक्सन यांचे शहराबाहेरील घर जमावाने पेटवले आणि लष्कर बोलावले गेले. सुमारे नऊ आठवड्यांनी, जूनमध्ये, संप मोडला आणि कपात पत्करून कामगार परतले. संघटनेने जाळपोळीचा निषेध केला होता. आग लावणारा जमाव आणि आकडे मांडणारी संघटना यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल.

त्या वेळी कामगारांनी आणखी एक आरोप केला होता, तो हिंदी ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. उभ्या धाग्याला खळ देताना कॉर्नवॉलची चिनी माती भरमसाट वापरून कापडाचे वजन वाढवले जाई; काही हलक्या कापडांत सुताच्या वजनाइतकी खळ असे. असे कापड बोटीतून येताना बुरसे आणि पहिल्या धुण्यात त्याचे खरे रूप उघडे पडे. बाजार बिघडला तो मजुरीमुळे नव्हे, या भेसळीमुळे, असे विणकर म्हणत. त्या मातीची धूळ आणि धागा तुटू नये म्हणून माग-खात्यात सोडली जाणारी वाफ त्यांच्याच छातीत जात होती. हवेतील दमटपणावर मर्यादा घालणारा कायदा १८८९ साली झाला.

कोल्हापूरची एक विद्यार्थिनी विचारते : पाठ्यपुस्तकात ‘अडाणी कामगारांनी यंत्रे फोडली’ असे वाचले. ते खरोखर अडाणी होते का?

नाही. ब्लॅकबर्नजवळच्या स्टॅनहिल येथे राहणाऱ्या जेम्स हारग्रीव्हजने १७६४ च्या सुमारास एका चाकावर अनेक चात्या फिरवणारी ‘जेनी’ बनवली. १७६८ साली जमावाने त्याची यंत्रे फोडली आणि तो नॉटिंगहॅमला निघून गेला. फोडणाऱ्यांत चरख्यावर जगणारी कुटुंबे होती आणि त्यांच्या घरात येणारा पैसा कुठून कमी होणार हे त्यांना स्पष्ट दिसत होते. १८२६ चा प्रसंग आणखी दाहक आहे. हातमाग विणकरांची कमाई वर्षानुवर्षे घसरत गेली होती, त्यात मंदी आली आणि लोक अक्षरशः उपाशी होते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तीन-चार दिवसांत ब्लॅकबर्न आणि आसपासच्या गावांत त्यांनी एक हजाराहून अधिक यंत्रमाग फोडले. लक्षात घेण्यासारखी बाब ही की, त्यांचा रोख यंत्रमागांवर होता. सूतकाताईची यंत्रे त्यांनी बहुतांशी सोडून दिली, कारण त्या सुतावर त्यांचा हातमाग चालत होता. लष्कराने गोळीबार केला, माणसे मेली आणि अनेकांना ऑस्ट्रेलियात हद्दपार करण्याच्या शिक्षा झाल्या. ज्यांना मत नव्हते आणि ज्यांच्या किमान मजुरीच्या अर्जांना पार्लमेंटने वारंवार केराची टोपली दाखवली होती, त्यांनी शेवटी हातोडा उचलला, असे पाठ्यपुस्तकात लिहिले तर ते सत्याला धरून होईल.

सोलापूरहून कांडी-खात्यातील एक निवृत्त कामगार भगिनी विचारतात : तेथे बायकांना पुरुषांइतकी मजुरी मिळत असे का?

विणकामात दर सारखाच होता. तक्त्यात कापडाची मापे होती, विणणाऱ्याचे लिंग नव्हते; एकाच कापडाला बाईला आणि पुरुषाला तेवढेच पेन्स मिळत. त्या काळच्या इंग्लंडमध्ये असे व्यवसाय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. विणकरांत बायकांची संख्या पुरुषांहून जास्त होती आणि संघटनेतही त्या बहुसंख्य होत्या. लग्नानंतरही त्यांतील पुष्कळ जणी मागावर उभ्या राहत. मात्र आठवड्याअखेरची रक्कम नेहमी सारखी नसे, कारण जास्त माग सांभाळणे आणि मुलाला हाताखाली ठेवणे पुरुषांना अधिक जमे; आणि जॉबरची, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या व विणकरांवर देखरेख ठेवणाऱ्या मुकादमाची जागा तर पुरुषांनी आपल्याच हाती ठेवली होती. तेथे त्याला ‘टॅकलर’ म्हणत. त्याचा पगार त्याच्या हाताखालच्या विणकरांच्या कमाईच्या प्रमाणात ठरत असल्यामुळे तो त्यांना सतत हाकत राही आणि कोणी किती कमावले हे पाटीवर लिहून मागे पडलेलीला सर्वांसमोर लाजवण्याची प्रथाही काही गिरण्यांत होती. या जाचाविरुद्धच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालल्या.

मागांच्या खडखडाटात बोलणे ऐकू येत नसे, म्हणून तेथील बायका ओठांच्या हालचालींवरून एकमेकींचे बोलणे वाचत. एका टोकाला उभ्या असलेल्या बाईशी दुसऱ्या टोकाची बाई घरच्या आजारपणाची चर्चा आवाजाशिवाय करू शके. पुष्कळांना पुढे बहिरेपण येई, तेव्हा हीच विद्या उपयोगी पडे. कांडी बदलताना धोट्याच्या लहान भोकाला ओठ लावून श्वासाने धागा बाहेर ओढावा लागे. एकच धोटा अनेकींच्या तोंडाला लागे. त्याबरोबर सुताची धूळ आणि खळही आत जाई. हाताने ओवता येणारे धोटे उपलब्ध झाल्यावरही ही रीत कित्येक वर्षे सुटली नाही.

बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी लँकेशायरच्या गिरणी-कामगार स्त्रियांनी काढलेल्या अर्जाची सुरुवात १ मे १९०० रोजी ब्लॅकबर्नच्याच उघड्या सभेत झाली. गिरणीच्या दारात आणि घरोघरी जाऊन २९,३५९ सह्या गोळा झाल्या आणि पुढच्या वसंतात कामगार स्त्रियांच्या शिष्टमंडळाने तो लंडनला नेला. वर्गणी देणाऱ्या, संप करणाऱ्या आणि संघटनेत मत असणाऱ्या बायकांना पार्लमेंटसाठी मत नाही, हा युक्तिवाद त्यांना कोणी शिकवावा लागला नाही.

या चित्राला एक काळी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे बरोबर नाही. अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस गिरणी, ही मुलांची पद्धत लँकेशायरमध्ये विसाव्या शतकातही टिकली. १८७४ च्या कायद्याने त्यासाठी किमान वय १० वर्षे केले. ते पुढे ११ आणि १२ झाले. १९०९ च्या सुमारास वय आणखी वाढवण्यावर कामगारांचे मत घेतले, तेव्हा मोठ्या बहुमताने त्यांनी विरोध केला, कारण घरखर्चाला त्या पोराची कमाई लागत होती. सकाळी सहाला मागाखाली उभे राहिलेले मूल दुपारी वर्गात बाकावर झोपी जाई, अशी शिक्षकांची तक्रार असे. १९१८ च्या शिक्षण-कायद्याने ही पद्धत शेवटी बंद झाली.

अमरावतीचे एक कापूस-उत्पादक शेतकरी विचारतात : अमेरिकेतील युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला म्हणतात. तेव्हा तिकडच्या कामगारांचे काय झाले?

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या चुली विझल्या. १८६२ च्या अखेरीस परगण्यात सुमारे ५ लाख माणसे मदतीवर जगत होती आणि ब्लॅकबर्न हे सर्वाधिक होरपळलेल्या शहरांपैकी एक होते. मदत मिळवण्यासाठी पुरुषांना दगड फोडावे लागत आणि तरुण मुलींना शिवणवर्गात बसावे लागे. १८६३ च्या कायद्यानंतर रस्ते व गटारांची कामे निघाली. मालकांची स्थिती सर्वत्र सारखी वाईट नव्हती : १८५९-६० मध्ये अति उत्पादन झाल्याने ज्यांची गोदामे भरलेली होती, त्यांना भाव चढताच नफा झाला.

हिंदुस्थानातून जो कापूस गेला, त्याला तेथे सरसकट ‘सुरती’ म्हणत, मग तो वऱ्हाडचा का असेना. त्याचा धागा आखूड असल्यामुळे तो मागावर सारखा तुटे. विणकर दिवसभर गाठी मारत राही आणि मजुरी तुकड्यावर असल्याने कमाई निम्म्यावर येई. ‘देवा, कापूस दे, पण सुरती नको’ अशी प्रार्थना तेथे केली जाई, असे सांगतात. इकडे मुंबईत पैशाचा पूर आला, समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळे कोसळले. वऱ्हाडचा कापूस तेजीच्या बहुतेक काळात बैलगाडीनेच वाहिला गेला. नागपूरपर्यंतची रेल्वे १८६७ साली पूर्ण झाली, तेव्हा भाव उतरले होते. रेल्वेच्या भरवशावर कापसाखाली गेलेली जमीन मात्र कापसाखालीच राहिली.

लालबागहून एका गिरणी-कामगाराच्या कन्या विचारतात : मुंबईच्या गिरण्यांसाठी फॅक्टरी कायदा व्हावा म्हणून लँकेशायरने आग्रह धरला होता. ती कामगारांबद्दलची कळकळ होती की स्पर्धेची भीती?

मालकांच्या बाबतीत ती भीतीच होती. मुंबईत १८५४ साली स्थापन झालेल्या पहिल्या कापड गिरणीची यंत्रे लँकेशायरच्या ओल्डहॅमहून आली आणि वीस वर्षांत त्याच परगण्याला मुंबईची धास्ती वाटू लागली. १८८१ चा कायदा मुख्यतः मुलांच्या कामापुरता आणि दुबळा होता. पण मागणी इंग्लंडमधूनच आली असे समजणे मुंबईचे कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्यावर अन्याय करणारे आहे. त्यांनी १८८४ साली परळला कामगारांच्या सभा घेतल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि पंधरा तारखेपर्यंत पगार, या मागण्यांवर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या झाल्या. १० जून १८९० रोजी मालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली. त्या मागण्यांचा उगम परळच्या चाळींत आहे.

लँकेशायरच्या दबावाचे उघडे रूप १८९६ साली दिसले. विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात जकात ठेवली, तर हिंदी गिरणीतील कापडावरही तेवढीच अबकारी (उत्पादनावरील कर) बसवली. ती १९२५ च्या डिसेंबरात तहकूब झाली, तीही मुंबईच्या सुमारे दीड लाख कामगारांनी साडेअकरा टक्के मजुरीकपातीविरुद्ध केलेल्या संपाच्या काळात. त्याबरोबर कपातही मागे घ्यावी लागली. त्यानंतर वर्षभराने लँकेशायरच्या कोल्न गावचे टॉम शॉ हिंदी कामगारांची स्थिती पाहायला शिष्टमंडळ घेऊन आले. दहाव्या वर्षी अर्धवेळ गिरणीत लागलेले हे गृहस्थ तोवर इंग्लंडचे मजूरमंत्री होऊन गेले होते.

वर्ध्याचे एक वाचक विचारतात : गांधीजी तेथे गेले असता बेकार कामगारांनी त्यांचे स्वागत का केले? विलायती कापडावरील त्यांच्या बहिष्कारामुळेच तर गिरण्या बंद पडल्या होत्या ना?

गांधीजी २५ ते २७ सप्टेंबर १९३१ या काळात लँकेशायरमध्ये होते. ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेनच्या ग्रीनफील्ड मिलमध्ये कामगार स्त्रियांनी त्यांच्याभोवती उभे राहून केलेला जयघोष छायाचित्रात टिकून आहे. त्यांनी कोणालाही खोटी आशा दाखवली नाही. तुमच्याकडे ३० लाख बेकार आहेत, आमच्याकडे ३० कोटी लोक वर्षातले सहा महिने बेकार असतात, असे त्यांनी तोंडावर सांगितले. अर्धवेळ कामाचे आणि बेकारीचे चटके बसलेल्यांना ती भाषा कळत होती.

बहिष्काराचा फटका खरा होता, पण पडझड त्याआधीच सुरू झाली होती. १९१३ साली ब्रिटनने सुमारे ७०० कोटी यार्ड कापड निर्यात केले आणि त्यातले ३०० कोटी यार्ड एकट्या हिंदुस्थानात आले. १९३८ मध्ये हिंदुस्थानचा आकडा ३० कोटींच्याही खाली गेला होता. मधल्या काळात मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या वाढल्या, जपानचा स्वस्त माल आला आणि आयात जकात टप्प्याटप्प्याने चढत १९३१ मध्ये ब्रिटिश कापडासाठी २५ टक्क्यांवर गेली. बारीक इजिप्शियन सूत कातणारी बोल्टनसारखी गावे तुलनेने तगली. ब्लॅकबर्न मात्र नेमके तेच साधे कापड आणि तीच धोतरे विणत होते, जी हिंदुस्थान स्वतः विणू लागला होता.